मिशनच्या जहाजावर नर्स म्हणून जाणं – कुणाला अनुभव?

नमस्कार मंडळी,

आमची लेक आयसीयूत नर्स आहे. पुढच्या वर्षी पश्चिम आफ्रिकेत, सिएरा लिओनला, ‘मर्सी शिप्स’च्या हॉस्पिटल-जहाजावर स्वयंसेविका म्हणून जायचं म्हणते. संस्था ख्रिश्चन आहे, आम्ही नाही. पगार नाहीच, उलट विमानाचं तिकीट आणि वरचा खर्च आपणच करायचा. आपल्या मराठी मंडळाने गणपतीच्या वर्गणीतून थोडा हातभार लावावा, असं आमच्या ह्यांनी सुचवलंय. मला मात्र आधी एवढंच कळू दे, की तिथे माणसं दिवसभर करतात काय?

— एक आई, स्कारबरो (टोरोंटो)

...

वहिनी, पोरीचं कौतुकच आहे. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मिशनवाल्यांच्या औषधामागोमाग बायबल येतंच. गणपतीचे पैसे तिकडे गेले तर निम्मे लोक पुढच्या वर्षी पावती फाडणार नाहीत. सेवाच करायची तर मेळघाट काय ओस पडलाय?

— माजी खजिनदार

...

काका, तुमची मेल वाचून गप्प बसवेना. मी त्या जहाजावर राहून आले आहे. शिवाय मी मिरजेची, ख्रिस्ती घरातली. आजी मिशन हॉस्पिटलात नर्स होती. ते हॉस्पिटल 1894 मध्ये सुरू करणारे डॉ. वानलेस मूळचे कॅनडाचेच, म्हणजे इथून तिकडे माणसं जाण्याची ही काही पहिली वेळ नाही.

ताई, आता तुमचा प्रश्न. ‘ग्लोबल मर्सी’ हे जहाज ऑगस्ट 2023 मध्ये सिएरा लिओनच्या राजधानीत, फ्रीटाउनच्या बंदरात आलं. ते धक्क्याला बांधलेलं असतं, त्यामुळे बोट लागण्याची चिंता नको. बारा मजले, सहा ऑपरेशन थिएटर, सगळी माणसं धरून सहाशेच्या वर कर्मचारी. सर्जनपासून भांडी घासणाऱ्यापर्यंत बहुतेक जण स्वतःच्या खर्चाने आलेले. केबिन वाटून घ्यायची, खाटेला पडदा असतो तेवढाच एकांत. अंघोळ दोन मिनिटांत उरकायची. मेसमध्ये भात भरपूर मिळतो, पण तिखटाच्या नावाने बोंब.

काम म्हणाल तर कुठल्याही हॉस्पिटलात करायचं तेच. ड्रेसिंग, व्हायटल्स (नाडी, ताप, रक्तदाब), वेदनेच्या गोळ्या, चार्ट. फरक पेशंटमध्ये. गळ्याशी नारळाएवढी गाठ घेऊन वर्षानुवर्षं जगलेल्या बायका, भाजल्यामुळे हनुवटी छातीला चिकटलेली मुलं, दुभंगलेला ओठ घेऊन थोराड झालेली माणसं. आपल्याकडे हे इतकं वाढेपर्यंत कुणी ना कुणी तालुक्याला नेतं. तिथे 1991 ते 2002 यादवी झाली, मग 2014 ला इबोलाची साथ आली. त्यात नर्स-डॉक्टरही गेले. सर्जन मुळातच मोजके. त्यामुळे आजार साधा असतो आणि पेशंट उशिरा आलेला असतो.

वॉर्डात आपल्याइतकंच, खरं तर आपल्याहून जास्त, काम स्थानिक दुभाषे करतात. क्रिओ, टेम्ने, मेंडे, एकाच माणसाला तिन्ही येतात. मुलाला सुई टोचायच्या आधी आईला काय सांगायचं, हे त्यांना बरोबर कळतं. सोबत आलेल्या नातेवाइकाची झोपायची सोय पेशंटजवळच. रात्रपाळीला टॉर्च घेऊन फिरताना कुणाच्या पायावर पाय पडेल सांगता येत नाही! तेवढ्या बाबतीत मला थेट मिरज आठवलं.

आता काका, तुमचा मुद्दा. प्रार्थना होते. पाळी बदलताना नर्सेस एकत्र येऊन प्रार्थना करतात, वॉर्डात रविवारी ढोल वाजवून उपासना चालते, आणि ऑपरेशनच्या आधी पेशंटला ‘तुमच्यासाठी प्रार्थना करू का’ असंही विचारतात. सिएरा लिओनमध्ये बहुसंख्य लोक मुसलमान आहेत. उपचार सगळ्यांना सारखे, पैसे कुणाकडूनच घेत नाहीत, नाव बदल असं कुणी म्हणत नाही. पण ज्याचा गळा उद्या तुम्ही चिरणार आहात, तो आज ‘नको’ म्हणेल का? हे मला, प्रार्थना करणाऱ्या बाईलाही, खुपलं. पेशंटने स्वतःहून सांगितलं तरच मी प्रार्थनेला थांबायचे. काही मैत्रिणींना ते कमी श्रद्धेचं वाटलं. वाटू दे.

खरी तक्रार माझी वेगळीच आहे. दोन-तीन आठवड्यांसाठी आलेल्यांना शिकवण्यातच वॉर्डाचा वेळ जातो. जहाज स्थानिक डॉक्टर-नर्सेसनाही प्रशिक्षण देतं, आणि माझ्या मते जहाज गेल्यावर उरणारं तेच. म्हणून लेकीला सांगा, जायचं तर काही महिने जा, फोटोपुरतं नको. आणि अर्ज करतानाच स्पष्ट विचार, की मी ख्रिस्ती नाही, माझ्याकडून काय अपेक्षा आहे?

सुट्टीच्या दिवशी लमली बीचवर जायचं. जायला रिक्षा मिळते, तिथे ती ‘केके’. बजाजची दिसली की पुण्याच्या मैत्रिणीला फोटो पाठवायचा, हा आमचा ठरलेला उद्योग.

वर्गणीचं म्हणाल तर मी काकांच्या बाजूने आहे. गणपतीचे पैसे गणपतीलाच. हौसेने देणारे वेगळे देतील.

— मिरजेची, सध्या ब्रॅम्प्टन

...

गळा चिरण्याचं वाक्य जेवताना वाचलं! तरी पटलं. माझ्याकडून पन्नास डॉलर, मंडळाच्या वहीत नको, थेट मुलीच्या हातात. मेळघाटाचं मात्र मी सोडणार नाही.

— माजी खजिनदार

...

काका, आभार. मेळघाटाचं तिलाच सांगा, रविवारी जेवायला या. ताई, सोबत काय काय द्यावं? मेतकूट चालेल का?

— स्कारबरो

...

मेतकूट, लसणाची चटणी, लिंबाचं लोणचं, सगळं द्या, पण गळणार नाही असं बांधून. चप्पल पुढून बंद असलेली, वॉर्डात तीच लागते. आणि खाऊच्या आधी यलो फीव्हरची लस. सिएरा लिओनला तिचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. इथे ठरावीक क्लिनिकमध्येच मिळते, तेव्हा अपॉइंटमेंट आत्ताच घ्या. मलेरियाच्या गोळ्या कुठल्या सोसतील तेही त्याच भेटीत विचारून टाका.

— ब्रॅम्प्टन