नुसतं वजन बघून भागत नाही
कुणीतरी लिहिलंय की कॉम्प्युटरचा एसएमपीएस (म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) हाताला जड लागला की माल चांगला. अगदी हलका असेल तर सोडून द्या हे पटतं, पण जड म्हणजे चांगलाच असं काय नाही. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर किती ते बघा, आता प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळजवळ सगळी पॉवर तिथूनच ओढतात, म्हणजे बाहेर मोठ्ठं ५०० वॅट छापलंय आणि तिथं १८ अँपिअर असेल तर हिशोब १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅटचाच झाला की, बाकी नुसता फुगवलेला आकडा. आणि तापला की एसएमपीएस तेवढी पॉवर देत नाही, म्हणून ते वॅट २५ डिग्री तापमानाला धरलेत का ४०-५० ला तेपण कंपनीच्या साईटवर शोधा, सोलापुरात मे महिन्यात बाहेरच ४० च्या वर असतं, कॅबिनेटच्या आत तर विचारूच नका. लेबलवर अँपिअरच नसतील तर दुकानदार कितीही गॅरंटी देऊ दे, मी तरी घेणार नाही.