दुसऱ्या बाळाच्या आधी मोठीचे अंथरूण केव्हा हलवावे, आणि रात्रींची वाटणी कशी करावी?

उंबरठा (प्रश्न) :

नमस्कार. पत्नीला एकतिसावा आठवडा सुरू आहे आणि आमची मोठी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. घर दोन खोल्यांचे असून गेली दोन वर्षे आम्ही तिघेही एकाच पलंगावर झोपत आलो आहोत. बाळ आल्यावर ही व्यवस्था चालणार नाही हे दोघांनाही मान्य आहे, परंतु मुलीला वेगळ्या अंथरुणावर केव्हा न्यावे यावर आमचे एकमत होत नाही. पत्नी म्हणते, याच आठवड्यात न्यावे. मला वाटते की आईच्या कुशीतली एवढी जागा तरी बाळंतपण होईपर्यंत तिची राहू द्यावी, कारण पुढे तिच्या वाट्याला आई किती येईल याचा मला अंदाज नाही.

गेल्या आठवड्यातील एक प्रसंग सांगतो. तिच्यासाठी छोटा पलंग आणून आम्ही बाहेरच्या खोलीत खिडकीशी नुसता ठेवून दिला होता. संध्याकाळी पाहिले, तर तिने आपल्या बाहुलीला त्यावर निजवले होते, हनुवटीपर्यंत पांघरूण घातले होते आणि ती तिला समजावत होती, "आता तू इथे झोपायचं हं. आईजवळ बाळ झोपणार." आम्ही तिला असे कधीही सांगितले नव्हते, मोठ्यांच्या बोलण्यातून तिने ते स्वतःच जुळवले. वर्षभर कोरडे राहिलेले तिचे अंथरूण त्यानंतर दोन रात्री ओले झाले आहे.

दुसरी गोष्ट माझ्या चुकीची आहे. मोठीच्या वेळी रात्रीचे सगळे पत्नीवर पडले. मला सकाळी कामावर जायचे असते, एवढ्या एका वाक्यावर मी दुसऱ्या खोलीत झोपत राहिलो. मुलगी सहा आठवड्यांची असताना एके रात्री पाणी प्यायला उठलो, तेव्हा पत्नी अंधारात भिंतीला टेकून बसली होती. मुलगी तिच्या मांडीवर गाढ झोपली होती आणि ही मात्र आवाज न करता रडत होती. विचारले, तर म्हणाली, "काही नाही. ही झोपली की मला रडू येतं." थकवा असेल असे समजून मी परत जाऊन झोपलो. त्या दुखण्याला नाव आहे आणि त्यावर उपचारही आहेत, हे आम्हाला त्यानंतर तीन महिन्यांनी कळले. ते तीन महिने मला परत देता येत नाहीत, पण या वेळी तसे होऊ द्यायचे नाही.

सासूबाई दीड महिन्यासाठी येणार आहेत. शिवाय नात्यातून एक लाकडी पाळणा मिळत आहे. तो चार पायांवर उभा राहणारा, चारही बाजूंनी गजांचे कठडे असलेला आणि सुमारे पंधरा वर्षांचा आहे. त्याची एक बाजू वर-खाली सरकते. रंग ठिकठिकाणी उडाला आहे, तो पॉलिश पेपरने घासून नवा द्यावा असे मनात आहे. या सगळ्याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.


दोघांची आई :

अंथरूण आताच हलवावे, याबाबतीत मी तुमच्या पत्नीच्या बाजूने आहे. हा बदल बाळ येण्याच्या निदान महिना-दीड महिना आधी तरी व्हायला हवा, म्हणजे मुलीच्या मनात तो बाळाच्या खात्यावर जमा होत नाही. काही कारणाने आता जमले नाही, तर मग बाळ दोन-चार महिन्यांचे होऊन घर स्थिरावेपर्यंत तो विषय काढू नये. अगदी शेवटच्या आठवड्यात, किंवा आई बाळाला घेऊन घरी आली त्याच दिवशी, हलवणे मात्र सर्वांत वाईट.

तुमची काळजी खरी आहे, म्हणून पलंग दुसऱ्या खोलीत ठेवू नका. तो तुमच्या पलंगाला अगदी खेटून, आईच्या बाजूला लावा. हात लांब केला की आई लागली पाहिजे. रात्री ती उठून तुमच्याकडे आली, तर थोपटून शांतपणे तिच्या जागी परत न्यावे, रागावू नये. काही रात्री हे करावे लागेल. "तू आता मोठी झालीस ना" हे वाक्य मात्र घरातल्या सर्वांनी टाळावे असे मी कळकळीने सांगते. मोठे होण्याची किंमत म्हणजे आई दूर जाणे, असाच अर्थ मूल त्यातून काढते. तुमच्या लेकीने बाहुलीला जे सांगितले तो तोच अर्थ आहे. त्याला उत्तर शब्दांनी द्यायचे तर सरळ द्यावे : बाळ पाळण्यात झोपेल, तुझा पलंग आईजवळच राहील.

अंथरूण ओले होणे या वयात आणि अशा काळात अगदी नेहमीचे आहे. गाजावाजा न करता चादर बदलावी. लघवीला आग होत असेल, किंवा तहान एकाएकी फार वाढली असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

साडेतीन वर्षांच्या मुलाला "दोन महिन्यांनी" हा शब्द कळत नाही. आई रुग्णालयात जाईल तेव्हा आपल्याजवळ कोण असेल, आपल्याला कोण झोपवील आणि आई परत येईल का, एवढेच त्याला हवे असते. सासूबाई येणार आहेत, तर त्यांनी आल्या दिवसापासून तिला झोपवण्याचे काम हाती घ्यावे, म्हणजे त्या रात्री नवे काही घडणार नाही.

माझ्या मुलाने मी घरी आल्यावर बाळाकडे पाहिलेसुद्धा नाही. तो माझ्या मनगटावरची रुग्णालयाची प्लास्टिकची पट्टी बोटाने फिरवत राहिला आणि म्हणाला, "हे काढ." मी बाळ आजीकडे दिले, कात्री मागवली आणि ती पट्टी त्यालाच कापू दिली. त्यानंतरच तो मांडीवर आला. म्हणून घरात शिरताना बाळ दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असावे आणि आईचे हात मोकळे असावेत.


रातपाळी :

मी नवजात शिशू विभागात परिचारिका आहे, त्यामुळे पाळण्याविषयीच लिहिते.

तो पाळणा घेऊ नका आणि त्याचा रंग तर मुळीच घासू नका. जुन्या रंगात शिसे असू शकते. घासल्यावर उडणारी धूळ गरोदर स्त्रीच्या आणि लहान मुलाच्या पोटात जाणे फार घातक असते, कारण शिसे मुलाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि आईच्या रक्तातून गर्भापर्यंतही पोहोचते. पाळणा आधीच घरात आला असेल, तर तो बाहेर ठेवावा आणि जागा ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. दुसरे कारण ती सरकणारी बाजू. तिचे खिळे-खटके सैल झाले की बाजू एका टोकाने सुटते, गादी आणि कठडा यांच्यामध्ये फट पडते आणि बाळ त्यात अडकते. अशा दुर्घटनांमुळेच अमेरिकेत २०११ पासून सरकत्या बाजूच्या पाळण्यांच्या निर्मितीवर आणि विक्रीवर बंदी आहे. नात्यातून आलेली वस्तू नाकारणे जड जाते याची मला कल्पना आहे, तरीही नाकारावी.

दुसरा पाळणा घेताना दोन मापे घ्या. दोन गजांमधले अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे, आणि गादी व कठडा यांच्यामध्ये दोन बोटांहून अधिक जागा राहू नये. गादी कडक आणि सपाट हवी. तळवा दाबून उचलला की खळगा राहता कामा नये. वर ताणून बसवलेली एकच चादर. उशी, लोड, मऊ खेळणी, कठड्याला बांधायच्या गाद्या यांपैकी काहीही नको, ते कितीही शोभिवंत दिसले तरी. बाळाला प्रत्येक वेळी, दुपारच्या डुलकीलासुद्धा, पाठीवरच निजवायचे. अमेरिकेत १९९४ मध्ये पाठीवर निजवण्याची मोहीम सुरू झाली आणि त्यानंतरच्या वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. सासूबाईंच्या काळात बाळाला पालथे किंवा कुशीवर निजवण्याचा सल्ला सर्रास दिला जाई, तेव्हा हे त्यांच्याशी आधीच, आदराने, पण स्पष्टपणे बोलून ठेवावे. निदान पहिले सहा महिने बाळ तुमच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या जागेवर झोपावे. मोठीच्या पलंगावर, तिच्याशेजारी, बाळाला कधीही झोपवू नये.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. गरोदर स्त्रीला सत्ताविसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात डांग्या खोकल्याची लस दिली जाते, म्हणजे तयार झालेले संरक्षण गर्भालाही मिळते. तुम्ही त्याच काळात आहात, म्हणून पुढच्या तपासणीला विचारा. बाळाजवळ राहणाऱ्या मोठ्यांनीही आपापल्या लसींबाबत डॉक्टरांना विचारावे. लस घ्यायची तर ती बाळाला भेटण्याच्या निदान दोन आठवडे आधी घ्यावी. मोठीच्या लसी वेळेवर झाल्या आहेत का, तेही पाहून घ्यावे.

रुग्णालयात न्यायची पिशवी छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत भरलेली असावी. बाकी अंगडी, टोपडी, दुपटी आणि लंगोट थोडेच आणा.


दोन नातवंडांची आजी :

येणाऱ्या आजीच्या वतीने लिहिते. आम्हाला बाळ हातात घ्यायची फार हौस असते आणि त्यात आमची चूक होते. बाळ आम्ही घेतो आणि ओली बाळंतीण घरकामाला उठते. मी दुसऱ्या वेळी उलट केले. बाळ आईकडे ठेवले, आणि मोठा नातू, धुणे, स्वयंपाक व येणारे-जाणारे हे सगळे माझ्याकडे घेतले. पाहुण्यांना दारातच "आज नको" म्हणण्याचे काम मुलीला किंवा सुनेला जमत नाही, ते वडीलधाऱ्यांनीच करावे. सासूबाई घरात आल्यावर हे सांगायला संकोच वाटेल, म्हणून येण्याआधीच फोनवर बोलून घ्या.


सावली :

तुमच्या पत्नीने अंधारात बसून जे केले ते मी पाच महिने केले, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणे, मन भरून येणे हे पुष्कळ जणींना होते आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही उदासी टिकली, बाळ झोपलेले असतानाही झोप लागेना, कशातच मन रमेना, आपण आई म्हणून नालायक आहोत असे सतत वाटू लागले, तर ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते. ज्या स्त्रीला ते एकदा झाले आहे, तिला पुन्हा होण्याची शक्यता अधिक असते. म्हणून थांबू नका. गेल्या वेळी काय झाले ते आताच, बाळंतपणाच्या आधी, डॉक्टरांना सांगा. १९८७ मध्ये एडिनबरो येथे तयार झालेली १० प्रश्नांची एक छोटी चाचणी आहे, ती जगभर वापरतात आणि गरोदरपणातही देता येते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, भास होत असतील, तर त्याच दिवशी मदत घ्यायची, दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

रात्रींविषयी : नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध पिते, त्यामुळे पहिल्या आठवड्यांत रात्र अशी वेगळी नसतेच. पाजणे आईचे, हे खरे. पण बाळाला उचलून आणणे, लंगोट बदलणे, ढेकर काढणे, पुन्हा निजवणे, हे सगळे तुमचे होऊ शकते. माझ्या नवऱ्याने हे हाती घेतले तेव्हा माझे जागरण प्रत्येक वेळी अर्ध्यावर आले. महिन्याभराने दूध नीट येऊ लागल्यावर काढून ठेवलेले दूध एकदा त्याने पाजायला सुरुवात केली आणि मला सलग पाच तास झोप मिळाली. त्या पाच तासांनी माझे काय केले हे मला सांगता येणार नाही, पण दुसऱ्या सकाळी मी खिडकी उघडली, एवढे आठवते. वाटणी तोंडी ठेवू नका. कागदावर लिहा, कारण रात्री तीन वाजता तोंडी ठरलेले कोणालाच आठवत नाही.


उंबरठा :

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. सर्वांचे मनापासून आभार.

पाळणा घरी आणलाच नाही. ज्यांच्याकडे तो होता त्यांना सरकत्या बाजूविषयी सांगितले, तेव्हा त्यांनी तो दुसऱ्या कोणालाही न देण्याचे ठरवले. नवीन पाळण्याच्या गजांमधले अंतर पट्टीने मोजून घेतले. मोठीचा छोटा पलंग आमच्या पलंगाला खेटून लावला आहे. पहिल्या चार रात्री ती दोन-दोनदा उठून आमच्याकडे आली, पाचव्या रात्री आली नाही. सकाळी पाहिले, तर झोपेत तिचा हात दोन पलंगांच्या मधल्या फटीवरून आईच्या पदरापर्यंत पोहोचलेला होता. बाहुली तिने पुन्हा स्वतःजवळ घेतली आहे आणि चादर गेले दहा दिवस कोरडी आहे.

पत्नीने गेल्या वेळचे सगळे डॉक्टरांना सांगितले. मी सोबत होतो. बाळंतपणानंतर दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात त्याच कारणासाठी भेटायचे ठरले आहे. लस झाली. सासूबाईंशी फोनवर बोलणे अवघड जाईल असे वाटले होते, पण त्याच म्हणाल्या, "मोठी माझी. बाळाचं तुमचं तुम्ही बघा."

रात्रींची वाटणी कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. नऊ ते दोन मी, दोनपासून सकाळपर्यंत पत्नी, आणि सुटीच्या दिवशी उलट. काल कपाट उघडले, तेव्हा माझ्या वेळेखाली तिच्या अक्षरातली एक ओळ दिसली : "मी रडत असले तर विचारायचं, आणि खरं उत्तर मिळेपर्यंत झोपायला जायचं नाही."