मदत हवी आहे : कॉम्प्युटरच्या प्रोसेसर कूलरची चौथी पिन बसतच नाहीये

काल धूळ काढायला प्रोसेसरवरचा कूलर काढला, प्रोसेसर इंटेलचा आय५-१०४०० आहे, कूलर त्याच्यासोबत आलेलाच चार प्लास्टिक पिनांवाला. मधली जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी) वाळून खडूसारखी झालेली, ती पुसून वाटाण्याएवढी नवी लावली, पिना बाणाच्या उलट फिरवून ठेवल्या आणि तिरक्या समोरासमोर दाबत गेलो, तीन टक करून बसल्या पण रॅमजवळची चौथी दाबली की समोरची वर येते आणि मदरबोर्ड इतका वाकतो की पुढे दाबायची हिंमतच होत नाही. तसाच चालू केला तर बायोसमध्येच (विंडोजच्या आधीची सेटिंगची स्क्रीन) ९० अंशांच्या वर टेंपरेचर, लगेच बंद केला. आता बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून मागून पिनांची टोकं बघत दाबू का? आणि पेस्ट परत नवीनच लावावी लागेल ना? मुलीचं प्रोजेक्ट त्यातच आहे, प्लीज लवकर सांगा.