हरित लेखापरीक्षण झालं, आता कर्मचाऱ्यांसाठी काय?

कागदीहरित: आमच्या महाविद्यालयात नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था) सातव्या निकषासाठी हरित आणि ऊर्जा लेखापरीक्षण झालंय. आता प्राध्यापक व शिक्षकेतर अशी सगळ्यांची एक दिवसाची कार्यशाळा घ्यायची आहे. व्याख्यान, शपथ आणि रोप देऊन सत्कार, यापलीकडे काय करावं? आधी जागृतीची प्रश्नावली द्यावी का?

मीटरवाचक: ‘पर्यावरण महत्त्वाचं वाटतं का?’ याला सगळे होच म्हणतात. त्यापेक्षा विचारा: तुमच्या मजल्याचा मेन स्विच कुठे आहे? गळक्या नळाची तक्रार कोणाकडे? संपलेले सेल कुठे टाकता? उत्तरं जिथे अडतील तोच कार्यशाळेचा विषय.

शिवाय आठवडाभर संध्याकाळी ७ आणि सकाळी ७ चं मीटर रीडिंग पहारेकऱ्याकडून लिहून घ्या. सर्व्हर, फ्रीज, बाहेरचे दिवे वजा करून जे उरतं ते निव्वळ विसरलेलं. इमारतवार मीटर नसेल तर मात्र दोष कोणाचा हे कळत नाही आणि सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. सबमीटर आधी.

परीक्षानळी: सगळ्यांना एकत्र बसवू नका. प्रयोगशाळेत बाटल्या रिकाम्या करतो परिचर, प्रशिक्षण मात्र विभागप्रमुखांना! परिचरांना तासभर प्रत्यक्ष दाखवा: टाकाऊ द्रावकांपैकी क्लोरीन असलेले क्लोरोफॉर्म, डायक्लोरोमिथेन एका कॅनमध्ये, क्लोरीन नसलेले ॲसिटोन, इथेनॉल दुसऱ्या. नायट्रिक आम्लाच्या टाकाऊ बाटलीत सेंद्रिय द्रावक कधीही नको, वायू साचून बंद बाटली फुटते. कॅन पाऊणच भरायचा, लेबल मराठीत. उणे ८० चा डीप फ्रीजर नमुन्यांना चालत असेल तर उणे ७० वर ठेवा, वीज बरीच वाचते.

भांडारपाल: खरी किल्ली खरेदीत आहे. अटींत वॅट लिहिले नाहीत तर सर्वांत स्वस्त म्हणून ७५ वॅटचा पंखा येतो. ‘कमाल ३० वॅट, बीएलडीसी’ (कमी वीज खाणारी ब्रशविरहित मोटर) लिहा. ३०० पंखे, रोज ६ तास, वर्षाला २०० दिवस धरले तर १६,२०० युनिट वाचतात. हा हिशेब लेखा विभागाला दाखवा, शपथ दाखवू नका.

कागदीहरित: आणि अभ्यासक्रमात? पर्यावरण अभ्यासाचा पेपर आहेच.

परीक्षानळी: आहे, पण बहुतेक ठिकाणी तो तासिका तत्त्वावरच्या नव्या शिक्षकाच्या गळ्यात पडतो. त्याचं प्रकल्पकार्य वरच्या मीटर रीडिंगला जोडा. वाणिज्यच्या मुलांना वीजबिल, रसायनच्या मुलांना टाकाऊ द्रावकांची नोंदवही.

मीटरवाचक: सफाई कंत्राटही बघा. ओला-सुका वेगळा उचलण्याची अट करारात नसेल तर दोन्ही डबे एकाच गाडीत रिकामे होतात, आणि ते एकदा दिसलं की कोणी वेगळं करत नाही.