फोर्टीओएस ७.६.३ : टनेल मोड गेला, आता आयपीसेक कसं लावताय?

मंडळी, मदत हवी आहे. ऑफिसचं फोर्टीगेट (फायरवॉल) त्याच्या फोर्टीओएस या सॉफ्टवेअरच्या ७.४ वरून ७.६ वर न्यायचंय. ७.६.३ पासून एसएसएल व्हीपीएनचा (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडायची सोय) टनेल मोडच, म्हणजे लॅपटॉपवरच्या अ‍ॅपमधून जोडायचा प्रकार, काढून टाकलाय. जुनी सेटिंग्जही अपग्रेडमध्ये पुढे येत नाहीत, म्हणजे आयपीसेक (व्हीपीएनची दुसरी पद्धत) आधीच उभं करून ठेवायला हवं. वेब मोड (ब्राउझरमधून चालणारा) 'एजंटलेस व्हीपीएन' या नावाने शिल्लक आहे, पण आमचं त्यावर भागत नाही.

खरी चिंता फिरतीवरच्या सेल्सवाल्यांची. हॉटेलच्या वायफायवर यूडीपी ५०० आणि ४५०० (आयपीसेकला लागणारे पोर्ट) बऱ्याचदा बंद असतात. आयपीसेक टीसीपी ४४३ (वेबसाइटींचा नेहमीचा पोर्ट) वरून नेता येतं, ते कोणी प्रत्यक्ष चालवलंय का? फोर्टीक्लायंटची (लॅपटॉपवरचं व्हीपीएन अ‍ॅप) फुकट आवृत्ती पुरते, की परवाना घ्यावाच लागतो? साहेबांना दिवाळीआधी हवंय (त्यांना सगळंच दिवाळीआधी हवं असतं), तेव्हा कॉन्फिगचा नमुना मिळाला तर फारच बरं.