गोधडी शिवायचीय, पण हातात सुईच्या जागी फोनच येतो

सई_डोंबिवली:

नमस्कार मंडळी. धागा कुठल्या सदरात काढावा कळेना, म्हणून हस्तकलेत टाकतेय. संपादकांनी हवा तर हलवावा.

आजीची चार लुगडी माझ्याकडे आलीत. दोन इरकली, एक काळी चंद्रकळा आणि एक रोजच्या वापरातलं सुती, काठ विरलेलं. आजी साताऱ्याकडची. आईने ती ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून जपली होती. घर बदलताना माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "गोधडी तरी कर यांची, नाहीतर फरशी पुसायला जातील." मला हातानेच शिवायचीय. नवरा म्हणतो, स्टेशनजवळ मशिनवर शिवून देतात, टाकून ये. ते नकोय.

आता खरी अडचण. मी एका सीएच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्नं भरते. दिवसभर स्क्रीन, लोकलमध्ये जाता-येता फोन, घरी आल्यावर कुकर लावला की पुन्हा फोन. आणि त्यात बघते काय, तर गोधड्याच! जपानी साशिको, बंगालचा कांथा, अमेरिकेतल्या बायकांचे क्विल्ट. कोणीतरी खिडकीशी बसलंय, शेजारी वाफाळता चहा, मागे सतार, आणि टाके पडतायत. 'संथ जगणं' नावाचं फोल्डर केलंय, त्यात किती व्हिडिओ साठलेत ते विचारू नका. धावदोऱ्यावर मी आता व्याख्यान देऊ शकेन. सुया मागवल्या, रंगीत दोरे मागवले. लुगड्यांची घडी मात्र अजून मोडलेली नाही. रात्री झोपताना असं वाटतं की आज बरंच शिवणकाम झालं, आणि झालेलं असतं शून्य.

तर ऑनलाइन वेळ कमी करून हाताने काही करायला लागलेलं इथे कोणी आहे का? नेमकं काय केलंत? शिवाय कापड बरंच झिजलंय, चालेल का? आणि आमचं वन बीएचके, एवढं पसरायचं कुठे?

निशाचर:

फोन काळा-पांढरा करा. सेटिंगमध्ये जाऊन रंग बंद करता येतात, मग बघावंसंच वाटत नाही. व्हिडिओची अ‍ॅप्स काढून टाका. रात्री चार्जर स्वयंपाकघरात ठेवा, उशाशी नको. मला एवढ्याने बराच फरक पडला. (हा प्रतिसाद रात्री दीड वाजता लिहितोय याकडे दुर्लक्ष करावे.)

सई_डोंबिवली:

निशाचर, अ‍ॅप काढलं होतं, मग ब्राउझरमधून बघायला लागले. काळा-पांढरा केला तर कांथ्याचे रंग दिसेनात, म्हणून परत रंगीत केला. :)

येरळाकाठची:

सई, आधी कापडाचं सांगते, फोनचं नंतर.

लुगडं झिजलेलं असेल तर बरंच झालं. नव्या कोऱ्या कापडाची गोधडी अंगाला लागते, मऊ यायला वर्षं जातात. झिजलेलं आणि कुजलेलं यातला फरक तेवढा ओळख. कापड दोन्ही अंगठ्यांवर ताणून धर आणि जरा झटका दे. टर्रकन फाटलं तर तेवढा भाग काढ, बाकीचं वापर. पण हाताला पिठासारखं सुटायला लागलं तर ते गेलं. घडीवर आधी बघ. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं लुगडं घडीवरच तुटतं. आणि शिवायला घेण्याआधी गोळ्यांचा वास जाईपर्यंत वाऱ्यावर टाक, नाहीतर पांघरणाऱ्याचं डोकं उठेल.

नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. त्याच्या चार घड्या घातल्यास की दोन मीटर लांब आणि पन्ह्याएवढी रुंद अशी एका माणसाची गोधडी बसते, चार थर आपोआप. तुझ्या चार लुगड्यांचे सोळा थर होतील. सोळा थरांतून सुई जाणार नाही, आणि गेली तर बोट राहणार नाही. दोन लुगड्यांची एक कर. डोंबिवलीच्या थंडीला आठ थर म्हणजे चैनच आहे, सहासुद्धा पुरतील. वर-खाली धड कापड घे, विरलेलं मध्ये जाऊ दे. इरकल्याचा तांबडा पदर कधी कधी रंग सोडतो, तेव्हा पांढरं फडकं ओलं करून त्यावर घासून बघ. फडक्याला लाली आली तर ते लुगडं आधी दोन-तीनदा वेगळं धू, मग बाकीच्यांत मिसळ.

जागेचं म्हणशील तर जमीन एकदाच लागते, थर लावून कच्चे टाके घालायला. कॉट सरकव, किंवा रविवारी सकाळी सोसायटीच्या गच्चीवर जा. कडा ताणून कोपऱ्यांवर डबे, वरवंटा, काय असेल ते वजन ठेव. मधून सुरकुती काढत कडेकडे हात फिरव. मग वीत-वीत अंतरावर उभे-आडवे मोठाले टाके घाल. एवढं झालं की तिची गुंडाळी होते आणि मांडीवर घेऊन शिवता येते. पलंगावर पसरून शिवू नको, खालच्या चादरीसकट शिवली जाते. हसू नको, आमच्या घरात झालंय.

दोरा हातभरच घे, त्याहून लांब घेतलास की गुंता. मेणावरून एकदा ओढून घे. कडेपासून सुरू कर आणि चौकोनात फिरत फिरत आत जा, दोन ओळींत बोटभर अंतर. टाका बारीक काढायच्या नादी लागू नको. व्हिडिओतला टाका कॅमेऱ्यासाठी असतो. गोधडीचा टाका झोपेत पायाचं बोट अडकणार नाही एवढा लहान असला की झालं.

आता फोन. आमच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. टीव्ही बंद, मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याचं त्याने काय ते करावं. कोरोनात ऑनलाइन शाळेपायी पोरांच्या हातात फोन गेले ते सुटेनात, त्यावर गावाने हा उपाय काढला. बाहेरगावचे पत्रकार येऊन लिहून गेले, गावाच्या निग्रहाचं कौतुक झालं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य काढलं, मला निग्रहावर फारसा भरवसा नाही. पोरांच्याही नाही आणि थोरांच्याही नाही. शेजारच्या घरातला टीव्ही बंद आहे हे कानाला कळतं, म्हणून आपला बंद राहतो. सगळी करामत भोंग्याची आहे.

तू मात्र एकटीने, खिडकीशी, चहा घेऊन बसायचा बेत करते आहेस. व्हिडिओत तसंच दाखवतात ना. अगं, गोधडी हे एकटीचं कामच नव्हतं. सुगी आटोपली, उन्हाळा लागला की शेतातलं काम कमी व्हायचं. मग ओसरीवर थर पसरायचे आणि चार बाजूंना चार बायका बसायच्या. आमच्याकडे सासूबाई, चुलत सासूबाई, समोरच्या काकू आणि मी. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणी कोणाचा बांध कोरला, सगळं तिथे निघायचं. चुलत सासूबाईंची ओळ तिरकी जायची. त्या घरी गेल्या की सासूबाई ती उसवून नव्याने घालायच्या, आणि दुसऱ्या दिवशी चुलत सासूबाईंना ते बरोबर ओळखू यायचं. मग अबोला. त्या अबोल्यातसुद्धा टाके चालूच, फक्त सुई जोरात खुपसली जायची. शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी आत भाकरीचा तुकडा सारायचा, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. तो मान कोणाचा यावरूनही एकदा वाजलं होतं.

हे सगळं सोडून नुसते टाके घालायला बसलीस तर अर्ध्या तासात कंटाळशील आणि हात फोनकडे जाईल. त्यात तुझा दोष नाही, काम तसंच आहे. एकसुरी. तेव्हा नवं अ‍ॅप शोधण्यापेक्षा एक बाई शोध. वार आणि वेळ ठरव. ती येऊन बसली की तिच्यासमोर फोन काढायची लाज वाटते, तेवढं पुष्कळ आहे.

रोखठोक:

भाकरीचा तुकडा वगैरे वाचून बरं वाटलं, पण फार हळवं होऊ नये. माझ्या आईने गोधड्या शिवल्या कारण विकतचं पांघरूण परवडत नव्हतं. घरात सोलापुरी चादरी आल्या तशी तिने सुई ठेवली, ती पुन्हा धरली नाही. बोटांना भोकं पडलेली असायची. तिच्यासमोर कोणी 'संथ जगणं' म्हटलं असतं तर तिने दाभणच काढला असता. दिवसभर शेतात, रात्री कंदिलाखाली टाके, यात संथ काय होतं? संथ जगायला आधी महिन्याचा पगार लागतो.

येरळाकाठची:

रोखठोक, पटलं. नोकरीत होते तेव्हा मीही सुई धरली नाही. शाळा, जनगणना, निवडणुकीची ड्युटी, घरी आल्यावर भाकऱ्या. आता शिवते ती पेन्शन बसल्यावर. आणि तुमच्या आईंनी सुई ठेवली ते योग्यच केलं.

पण सई काही थंडीपायी शिवत नाही, तिला हौस आहे. तिच्या आजीने गरजेपोटी केलं म्हणून नातीने हौसेनं करू नये असं कुठे आहे? पुरुषमंडळी हौसेनं ट्रेक करतात, तेव्हा त्यांना कोणी हमालांची आठवण करून देत नाही.

रोखठोक:

ट्रेकवाला मीच आहे. गप्प बसतो.

धारवाडची_सून:

आमच्या बाजूला हिला कौदी म्हणतात. जागेचा प्रश्न वाचून लिहावंसं वाटलं. उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या रानात सिद्दी लोकांची वस्ती आहे, त्यांचे पूर्वज शतकांपूर्वी आफ्रिकेतून आले. त्या बायका कवंदी शिवतात. त्यांना चौकट लागत नाही. खाली एखादी जुनी साडी, वर जुन्या कपड्यांचे तुकडे. एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची, तुकडा ठेवायचा, कड दुमडायची, शिवायचा, शेजारी पुढचा तुकडा. असं कडेकडेने फिरत मध्यावर येऊन संपवायची. आधी सगळं कापून, रंग जुळवून, नकाशा काढून वगैरे काही नाही, जो तुकडा हाताला येईल तो पुढचा. चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचं तिकोनी फूल लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी दिसते म्हणतात.

सई, तुझं विरलेलं सुती लुगडं आणि घरातले जुने कुर्ते घेऊन असं एक लहान दुपटं आधी करून बघ. कोणाकडे ना कोणाकडे बाळ येतंच. लुगड्यांच्या गोधडीला हात घालण्याआधी टाका बसतो, आणि एक गोष्ट पुरी झालेली दिसते. मी स्वतः मशिनच्या विरोधात नाही बरं का, कडेची पट्टी मी मशिनवरच मारते. पण आठ थर घरगुती मशिनखाली घालू नका, सुई मोडते आणि तुकडा डोळ्याकडे उडतो.

निशाचर:

दर आठवड्याला फोटो टाका प्लीज. आम्हालाही बघू दे किती पुढे गेली ते.

सई_डोंबिवली:

सगळ्यांचे आभार. काल लुगडी उघडली एकदाची. चंद्रकळा घडीवरच तुटली, येरळाकाठच्या ताईंनी सांगितलं तश्शी. मला वाईट वाटलं, आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "ती नेसून आजी कुठेकुठे गेली असेल, तुटणारच." इरकली मात्र दणकट आहेत, एकीचा पदर फडक्याला जरा लाल लागला.

बाई सापडली! तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, मूळच्या कराडच्या. लिफ्टमध्ये सहज विषय काढला तर म्हणाल्या, "मला काय विचारतेस, मी माहेरी ढिगाने शिवल्यात." गुरुवारी रात्री यायचं ठरलंय, पण त्यांची सिरियल संपल्यावरच. ती अट मोडायला त्या तयार नाहीत. म्हणजे आमचा भोंगा सिरियल संपल्याचा. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, मग मी बाहेर जेवायला जाऊ का? जा म्हटलं.

निशाचर, फोटोचं नक्की नाही सांगत. फोटो काढायचा म्हटलं की उजेड बघा, कोपरा बघा, चहाचा कप ठेवा, आणि मग कोणी काय लिहिलं ते बघत बसा. पुरी झाली की एक टाकेन.

दोन शंका. तुटलेल्या चंद्रकळेचं काय करू? आणि काकूंना रात्री बारीक दिसत नाही, सुई ओवायला त्रास होतो असं त्या आत्ताच बजावून गेल्यात.

येरळाकाठची:

चंद्रकळेचे धड तुकडे मधल्या थरात घाल, कोणाला दिसायचंही नाही. पण मध्ये घालशील ते एकमेकांवर चढवून घाल, नाहीतर पांघरताना तिथे पोकळ लागतं. काठ निघाला असेल तर फेकू नको, पिशवीच्या नाड्या होतात.

काकूंचं सोपं आहे. मोठ्या नाकाच्या सुया आण आणि त्या यायच्या आधी उजेडात दहा-बारा ओवून उशीला टोचून ठेव. काळा दोरा रात्रीसाठी घेऊ नको, काळ्या कापडावर तर मुळीच नाही, पांढरा घे. आणि उठताना सुया मोजून घे, घरात लहान मूल नसलं तरी.