खनिज निधीतून गावात काम मागायचं, तर नेमकं काय मागायचं?

भद्रावतीचा_भोसरीत

नमस्कार मंडळी. मी भोसरीत एका छोट्या वर्कशॉपात लेथवर असतो, पंपांचे शाफ्ट आणि बुश करतो. गाव चंद्रपूरकडचं, भद्रावती तालुक्यात, कोळसा पट्ट्यातलं. बाबा भूमिगत खाणीत पंप खलाशी, म्हणजे पंप चालवणारे होते. ती खाण बंद पडून बरीच वर्षं झाली. शेजारी खुली खाण जोरात चालू आहे, पण माती काढायचं काम ठेकेदाराकडे, आणि डंपरवरचे निम्मे पोट्टे बाहेरचे. कोळसा वाढला, माणसं कमी झाली. दोन एकरामागं एक नोकरी ज्यांना मिळाली त्यांचं भागलं. ज्यांची जमीनच नव्हती त्यांनी पुण्यात संगमवाडीहून सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सचं वेळापत्रक पाठ केलं.

आता ग्रामपंचायत जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे (खाणींकडून येणारा, खाणबाधित गावांसाठीचा जिल्ह्याचा निधी सांभाळतं ते) रोजगाराचा प्रस्ताव पाठवणार आहे. मला फोन आला, "तू पुण्यात कंपनीत आहेस ना, तूच लिहून दे." (कंपनी म्हणजे आम्ही अकरा जण आणि मालक.) गावात दोन तट आहेत. म्हातारे म्हणतात मोठा कारखाना मागा. बाकीच्यांना पुन्हा प्रशिक्षण केंद्र हवंय. मागच्या वेळी शिलाईचं झालं होतं. तीन महिने वर्ग, शेवटी पाहुणे, फोटो, प्रमाणपत्र. वहिनी पण होती त्यात. प्रमाणपत्र पेटीत आहे आणि मशिनी समाजमंदिरात कुलपात. शाळेचे गणवेश अजून बाहेरून शिवून येतात.

माझ्या डोक्यात पंप आणि मोटर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. मागता येईल का असं?

सिंहगड_रोडचे_काका

प्रस्तावात 'रोजगारनिर्मिती' असा शब्द घाला, सिमेंटचा रस्ता मंजूर होईल. अनुभवाचे बोल.

निवृत्त_उद्योगकेंद्र

काकांचा टोमणा खोटा नाही, पण मुलाला उत्तर हवंय.

मी जिल्हा उद्योग केंद्रात 29 वर्षं काढली, शेवटची पुण्यात. आधी पैसा कुठून येतो ते पाहा, म्हणजे मागताना लाजायचं कारण उरणार नाही. कोळशावर रॉयल्टी, म्हणजे खाणवाल्यानं सरकारला द्यायची रक्कम, किमतीच्या 14 टक्के. 12 जानेवारी 2015 च्या आधीचा खाणपट्टा असेल, तर त्या रॉयल्टीच्या 30 टक्के इतकी रक्कम वेगळी या निधीत जाते. म्हणजे हजार रुपयांच्या कोळशामागे 140 रॉयल्टी आणि वर 42 रुपये तुमच्या जिल्ह्याचे. ही मेहेरबानी नव्हे. खाण कायद्यातल्या 2015 च्या दुरुस्तीनं खाणबाधितांसाठीच हा निधी उभा केलाय, आणि कौशल्य विकास त्याच्या अग्रक्रमाच्या कामांत बसतो. तेव्हा विषय बसतो. प्रश्न पुढचा आहे.

शेड मिळेल, लेथ मिळेल, उद्घाटनाचा नारळही मिळेल. चौथ्या महिन्याचं वीजबिल कोण भरणार? माझ्या टेबलावरून असे कितीतरी शेड गेले. मी स्वतः सह्या केल्यात, म्हणून सांगतो. ज्यांच्याकडे पहिल्या दिवशी काम देणारं गिऱ्हाईक होतं तेवढेच टिकले. पिंपरी-भोसरीकडे बघा ना. 1954 ला सरकारनं पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना काढला, पुढे एमआयडीसी आली, मोटारींचे मोठे कारखाने आले. पण तुम्ही ज्या अकरा माणसांच्या वर्कशॉपात आहात तशी हजारो उभी राहिली ती मोठ्यांनी जॉबवर्क बाहेर दिलं म्हणून. अनुदानानं कुणी पाच-दहा वर्षं तग धरत नाही.

तुमचं गिऱ्हाईक दारातच आहे. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांना वार्षिक खरेदीतली किमान 25 टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करावी लागते, त्या 25 पैकी 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून. कोळसा कंपनीही त्यात आली. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असली की निविदेची अनामत रक्कमही माफ. अडतं ते 'पूर्वानुभव' आणि 'उलाढाल' या दोन रकान्यांत. म्हणून प्रस्तावात यंत्रांची यादी मागाहून लिहा. आधी लिहा की खाणीतून वर्षाला किती पंप, किती मोटारी दुरुस्तीला बाहेर जातात, आणि कुठे.

बोखुम_रिटर्न

मोठा कारखाना मागणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कंपनीनं मला दोन वर्षं जर्मनीत बोखुमला पाठवलं होतं. पूर्वीचं कोळशाचं शहर. आपल्याकडे 1973 ला कोळसा खाणी सरकारी झाल्या, त्याच वर्षी तिथली शेवटची खाण बंद झाली. जुन्या खाणीच्या जागेवर 1962 ला ओपेलचा मोटारींचा कारखाना आला, तो 2014 ला बंद. नोकियाला सरकारनं भरभक्कम अनुदान दिलं होतं. 2008 ला त्यांनी तिथलं उत्पादन थांबवून रुमानियात नेलं, सुमारे 2,300 लोक घरी. आमच्या घरमालकीण आजी नोकियाचं नाव निघालं की अजून तोंड वाकडं करायच्या.

टिकलं काय, तर 1965 ला सुरू झालेलं विद्यापीठ. ते उचलून रुमानियाला नेता येत नाही. ओपेलच्या जागेवरही आता विद्यापीठाच्या संशोधनाच्या इमारती आणि पार्सलचं मोठं केंद्र आहे. तुमच्या गावाला विद्यापीठ कोण देणार म्हणा, पण आयटीआय?

सिंहगड_रोडचे_काका

भद्रावतीला नव्वदच्या दशकात वीज प्रकल्पासाठी जमीन घेऊन ठेवली होती, ती वर्षानुवर्षं पडीक राहिली. कारखाना मागणाऱ्या म्हाताऱ्यांना हे माहीत असेलच की?

भद्रावतीचा_भोसरीत

काका, त्यांच्यातल्या दोघांची त्यात जमीन गेली आहे. तरी कारखानाच मागतात. त्यांना वाटतं एक गेला तर दुसरा तरी यावा. मी वाद घालत नाही.

उद्योगकेंद्रवाले सर, रात्री बाबांना फोन लावला. विचारलं, मोटर जळाली की कुठं पाठवायचे? म्हणाले, "नागपूरला. पंधरा दिवस लागत. तोवर पाणी चढे, मग आमचे हाल." किती जळायच्या वर्षाला, तर "पावसाळ्यात मोजायचं कोण बापा." पण त्यांच्यासोबतचे एक इलेक्ट्रिशियन काका सगळं वहीत लिहायचे, ती वही त्यांच्याकडे आहे म्हणे. खुल्या खाणीतही पावसाळ्यात पंप लागतातच, तिथला आकडा त्यांचा पोरगा काढून देतो म्हणाला. तो ठेकेदाराकडे आहे, नाव येऊ देऊ नको म्हणतो.

मालकांशीही बोललो. पहिली दोन वर्षं निविदा आमच्या वर्कशॉपच्या नावावर भरून काम गावाकडे देता येईल का, म्हणजे पूर्वानुभवाचा रकाना सुटेल. ते म्हणाले, "चहा घे, विचार करतो." नाही म्हणाले नाहीत.

शुक्रवारच्या गाडीनं निघतो. सर, रिवाइंडिंगची (जळालेल्या मोटरीत तार पुन्हा भरायची) चार टेबलं आणि एक व्हार्निश ओव्हन, एवढ्यापासून सुरुवात केली तर छोटं दिसेल का प्रस्तावात? आणि वहिनी विचारतेय, रिवाइंडिंग बायांना जमतं का. मी हो म्हणून बसलोय.

निवृत्त_उद्योगकेंद्र

भोसरीत मोटारींची कॉइलं भरणाऱ्या बायका मी पाहिल्यात, वहिनींना घेऊन जा दाखवायला. छोटं दिसू द्या. आणि त्या वहीचे फोटो आधी काढून ठेवा.